छोटं काय, शस्त्र की परवाना?

"सर, उद्या उर्जा मोर्चाला येणार नाही," कौमुदी दारातूनच म्हणाली. "सासऱ्यांनी सक्त मनाई केलीय."

आत्माराम सरांनी फळ्यावरचा हात खाली घेतला. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरातल्या त्यांच्या मराठी वर्गात दर शनिवारी सकाळी सहा-सात मुलं जमत. पहिल्या बाकावरच्या बारा वर्षांच्या उर्जाने पेन आपटलं.

"डास इस्ट उनफेअर! माझं भाषण आहे, आई!"

वस्तीतला पोहण्याचा तलाव पालिका बंद करणार होती. उर्जा तिथेच पोहायला शिकली होती. उद्याच्या मोर्चात मुलांच्या वतीने कुणी बोलायचं, यावर शाळेत मतदान झालं होतं आणि तिची निवड झाली होती.

कौमुदीने फोन पुढे केला. कुठल्याशा मराठी पोर्टलवरची बातमी साताऱ्याहून सासऱ्यांनी पाठवली होती. 'जर्मनीत आता मोर्चात पिस्तूल! कायद्याचीच परवानगी.'

"बाबा म्हणतात, इतकी वर्षं तिथे राहून तुला एवढं ठाऊक नाही? मी गाड्यांचे ब्रेक बनवते हो, मला काय माहीत बंदुकांचे कायदे!"

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. तीस वर्षं त्यांनी याच शहरात गिअरबॉक्सची ड्रॉइंग काढली होती. बंदुकीची चौकशी करायची वेळ कधी आली नव्हती. "मल्हार, वाच बघू मोठ्याने."

मल्हार अडखळत वाचू लागला. "क्लाइनर वाफनशाइन, म्हणजे छोट्या शस्त्रांचा परवाना असलेली व्यक्ती मोर्चात पिस्तूल नेऊ शकते..."

"मोमेंट!" उर्जा उठलीच. "नाइन, सर, डास हाइस्ट गार निष्ट..."

"मराठीत, बाळा."

ती थांबली. शब्द सापडेना. कौमुदी मदतीला सरसावली, तसं सरांनी तिला हातानेच अडवलं. मुलाला उत्तर सापडेपर्यंत ते थांबत, आणि थांबताना त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा कधी दिसत नसे.

"शस्त्र छोटं नाहीये," उर्जा सावकाश म्हणाली. "परवाना छोटा आहे."

"कशावरून?"

"क्लाइन-एर, म्हणजे 'छोटा'! शाइन म्हणजे परवाना, तो पुल्लिंगी आहे ना, डेर शाइन, म्हणून. शस्त्र म्हणजे डी वाफे, ते स्त्रीलिंगी. क्लाइनर वाफे असं कुणी म्हणतं का? कसंतरीच वाटतं."

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'छोटा शस्त्रपरवाना'. "आणि आपल्यात? छोटा कोण?"

"परवाना!" मल्हार ओरडला. "शस्त्र असतं तर छोटं झालं असतं!"

"गेनाऊ!" 'बरोबर'ऐवजी सरांच्या तोंडून निघून गेलं.

"मराठीत, सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"मग पेपरवाल्यांना का नाही कळलं?" इराने विचारलं. ती सगळ्यांत लहान.

"त्यांनी बहुतेक इंग्रजीतून घेतलं असणार. तिथलं 'स्मॉल' काही बदलत नाही, कुणाच्याही अंगाला बसतं."

मग मुलांनी सरांच्या लॅपटॉपवर मूळ कायदाच उघडला. एकेका वाक्यावर भांडून त्याचं मराठी केलं. हा छोटा परवाना नुसता आवाज करणाऱ्या किंवा गॅस सोडणाऱ्या पिस्तुलांचा होता. तीसुद्धा मोर्चात न्यायला बंदी होती. सरकारने कुणाला खास अधिकार दिला असेल तरच शस्त्र चालतं. एरवी मोर्चात नाही आणि मोर्चाला जाण्याच्या वाटेवरही नाही.

"सर, तुम्हीच बोला ना बाबांशी," कौमुदी म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"तिला बोलू दे."

"ही? 'हो, बरी आहे, बाय' यापलीकडे ही आजोबांशी काही बोलत नाही!"

फोन लागला. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले श्रीरंग आजोबा पडद्यावर कपाळापासून नाकापर्यंतच दिसत होते.

"अहो बाबा, उर्जाला बोलायचंय," असं म्हणून कौमुदी बाजूला झाली.

"आजोबा, ती बातमी चुकली आहे."

"छापून आलंय गं पोरी."

"छापलं तरी चुकलंय. तुम्ही छोटा शस्त्र म्हणता का?"

"छोटा शस्त्र? छ्या! छोटं शस्त्र. मराठी शिकवतीस व्हय मला?"

"आणि परवाना?"

"छोटा परवाना."

"जर्मनमध्ये पण तस्संच आहे! परवाना छोटा आहे. त्याच्यावर खरी बंदूक मिळत नाही, आवाजवाली मिळते. आणि ती पण मोर्चात चालत नाही. मी कायदा वाचली, आजोबा."

"वाचला."

"वाचला. मी वाचला."

सर फळ्याकडे वळले आणि तिथला आधीच स्वच्छ असलेला कोपरा पुसू लागले.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "कायदा लिहिलेला आपल्याकडंबी असतो. तिथं पाळतात का?"

उर्जाने सरांकडे पाहिलं. सरांनी फोनकडेच बोट दाखवलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "उद्या तुम्हीच बघा. फोन चालू ठेवते."

"ठीक. बघतो, मग ठरवतो."

रविवारी तलावासमोर दोनेकशे माणसं जमली. कित्येकांनी डोक्याला पोहण्याच्या टोप्या घातल्या होत्या. निघण्याआधी आयोजक बाईंनी इथल्या रिवाजाप्रमाणे कर्ण्यावरून नियम वाचायला घेतले. उर्जा फोन तोंडाशी धरून एकेक नियम मराठीत सांगत होती.

"दारू प्यायची नाही. काचेच्या बाटल्या नाहीत. शस्त्र नाही, कुठलंच नाही. आणि त्या पोलीस काकू पिशव्या बघतायत. दाखवते, थांबा."

"काचेची बाटलीसुद्धा नाही?"

"नाही, आजोबा."

"मग पिस्तूल कुठलं चालायला!" आजोबा खो खो हसले. मग घसा साफ करून म्हणाले, "जा. बोल. जर्मनमध्ये बोल बिनधास्त, मला नाही कळलं तरी चालंल."

उर्जाने फोन सरांच्या हातात दिला आणि ती उलट्या ठेवलेल्या खोक्यावर चढली. गर्दी मोठी होती. सरांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून फोन वर धरला. पडद्यावरची खुर्ची मध्येच रिकामी झाली. आजोबा परत आले तेव्हा त्यांनी कोट चढवला होता. गळ्याशी बटण लावून, हात मांडीवर ठेवून ते ताठ बसले.

सरांचा दंड भरून आला. त्यांनी हात बदलला, पण फोन खाली येऊ दिला नाही.