हावलिकांची कालवड

मिसेस स्टेंगलनी फोन हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा नाकावर आणला. पैसे निघाल्याची ओळ पडद्यावर आली होती, पण तिच्यापुढची हिरवी खूण अजून उमटली नव्हती.

"खूण आल्याशिवाय खोकं हलवायचं नाही, असा सूनबाईंचा हुकूम आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं हे बिटकॉइन निघतं झटक्यात, पण पोचतं आपल्या सवडीनं. आत चला. वाऱ्यात कशाला उभे राहता?"

लोवेलला आत जायचं नव्हतं. पैसे द्यावेत, मांसाची खोकी गाडीत भरावीत आणि अंधार पडायच्या आत डेन्व्हरचा रस्ता धरावा, एवढाच त्याचा बेत होता. मे महिन्यात त्याने इंटरनेटवरून अख्ख्या जनावराची मागणी नोंदवली होती आणि अर्धे पैसे तेव्हाच पाठवले होते, तेही 'रानगवत' या टोपणनावानं. या नाण्यांच्या व्यवहारात खरं नाव कुणी विचारत नाही, आणि जो आपणहून सांगतो त्याला बाकीचे कच्चा समजतात. लोवेलच्या ते पथ्यावरच पडलं होतं. वाळूच्या टेकड्यांच्या या मुलखात त्याला स्वतःचं नाव घेऊन यायचं नव्हतं.

बाईंनी वाटेत सरपणाची मोळी उचलली, म्हणून दार त्यानेच उघडलं. मूठ धरून दार जरासं वर उचललं आणि गुडघ्यानं आत ढकललं. ते दार तसंच उघडतं, नाहीतर उघडतच नाही, आणि ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं जगात फार नाहीत. मागे बाईंची पावलं थांबली.

"लोवेल? एमिल हावलिकचा लोवेल?"

तो दाराची मूठ धरून तसाच उभा राहिला.

"मेल्या, दाढी वाढवली म्हणजे माणूस लपतो होय रे?"

मग काय, बसावंच लागलं. मिसेस स्टेंगलनी कॉफी ओतली, जर्दाळू घातलेले कोलाचे, ते गोड पाव, पुढे ठेवले आणि तो लहानपणी एका बैठकीत किती खायचा याची आठवण करून दिली. शेजारी म्हणून त्यांनी त्याला वाढताना पाहिलं होतं. दोन्ही घरांच्या कुरणांमध्ये एकच कुंपण होतं. एमिल कसा आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा लोवेलने सांगितलं की बाबा वसंतापासून आपल्याकडेच असतात, सहाव्या मजल्यावर. दिवसभर खिडकीशी बसतात. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात.

त्याने सांगितलं नाही ते बाईंना माहीत होतंच. आठ वर्षांपूर्वी, ऐन वैरण भरण्याच्या दिवसांत, एमिलचं खुब्याचं हाड मोडलं. दोन हिवाळे निभावायला एक गडी ठेवला असता तरी पुरे होतं. जन्मात मुलाकडे काही न मागितलेल्या माणसाने तेव्हा एकदा फोन केला. लोवेलपाशी असल्या दहा गड्यांचा पगार भागेल एवढी नाणी होती. पण त्यांचा भाव तेव्हा पडलेला, आणि पडत्या भावात विकणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असं त्याचं गणित. "थोडं थांबा बाबा, भाव वर येऊ दे," तो म्हणाला. बाबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. गुरांना भाव कळत नाही आणि बर्फ कुणासाठी थांबत नाही. नोव्हेंबरात सगळा कळप लिलावात गेला. एकेक वळू पारखून चाळीस वर्षांत घडवलेला तो कळप दुपारपर्यंत चार दिशांना पांगला. लोवेल त्या दिवशी आला नव्हता. पुढे भाव वर आला, चांगलाच आला, आणि त्यावर त्याने घर घेतलं. वडिलांनी त्याला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला आताशा फार वाटे.

"ते काही खातच नाहीत हो," तो आता म्हणाला. "मांस पुढे ठेवलं की एक घास घेतात आणि ताट सरकवतात. म्हणतात, यानं गवत पाहिलेलं नाही. म्हटलं, त्यांच्याच गाईंच्या वाणाचं आणून खाऊ घालावं. लिलावात आमच्या काही गाई तुम्ही घेतल्या होत्या, हे मला माहीत होतं."

मिसेस स्टेंगलनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"म्हणजे 'फक्त हावलिकांच्या वाणाचं, किंमत म्हणाल ती' असं लिहिणारा तू होतास."

"हो."

तो हसला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. बाई आता शाबासकी देणार असं त्याला वाटलं. पण बाई टेबलावरचा चुरा तळहातानं गोळा करू लागल्या, आणि गोळा करून झाला तरी हात फिरवतच राहिल्या.

मग त्यांनी सांगितलं. एमिलच्या गाई घेतल्या तेव्हाच त्यातल्या निम्म्या वयानं उतरलेल्या होत्या. मागून दोन वर्षं पावसानं दगा दिला, तेव्हा घरच्या गुरांबरोबर त्यांतल्याही काही काढाव्या लागल्या. होता होता एक कालवड उरली. तिला जूनमध्ये वळू दाखवायचा होता, आणि मे महिन्यात या 'रानगवत'चा निरोप आला. बाईंनी बरेच दिवस उत्तरच दिलं नाही. सून म्हणाली, असं गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही. शिवाय बाईंनाही वाटलं, एमिलचं नाव आता घेतो कोण? कुठला कोण माणूस त्याच्या गाईंचं नाव घेऊन मागतोय, तर हाही त्याचा मानच.

"एकच होती?" लोवेलने विचारलं.

"एकच." त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. "तू नाव लिहिलं असतंस तर मी फोन उचलून तुला विचारलं असतं रे. आणि जिवंत मागितली असतीस तर याच्या निम्म्यात दिली असती. एमिलसाठी म्हणून तशीही दिली असती."

टेबलावरचा फोन किणकिणला. खूण आली असणार. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"हे पैसे परत पाठवायचे म्हटले तरी मला ते येत नाही," मिसेस स्टेंगल म्हणाल्या.

"परत नकोत."

खोकी भरताना त्यांनीही हात लावला, तो नको म्हणत असताना. पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, वर शिक्के मारलेली पुडकी होती. एका जनावराची इतकी पुडकी होतात हे लोवेल लहानपणापासून बघत आला होता, तरी आज ती संपेचनात. निघताना बाईंनी एमिलसाठी कोलाचे बांधून दिले आणि गाडीच्या दारावर दोनदा थाप मारली, गुरांच्या ट्रकला मारतात तशी. डेन्व्हरपर्यंतच्या वाटेत त्याने कितीदा तरी ठरवलं की बाबांना सांगायचं नाही. सांगून त्यांचं काय भलं होणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडी तव्यावर फक्त मीठ लावून दोन जाड तुकडे भाजले. वडील काठी टेकत टेबलाशी आले ते मुलाचं मन राखायला. त्यांनी एक घास कापला, तोंडात घेतला, आणि चावायचे थांबले.

"कुठून आणलंस हे?"

"मिसेस स्टेंगलकडून."

"आपली आहे ही," वडील म्हणाले. ते विचारत नव्हते.

मग ते जेवू लागले. असे जेवताना लोवेलने त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. जेवता जेवता बोलणंही सुरू झालं. कुठला वळू कुणाकडून आणला, त्यासाठी कसे हिमवादळात दोन दिवस अडकून पडलो, कुठल्या गाईनं भिंतीला दाबून माझी बरगडी मोडली आणि तरी तिला का विकली नाही. लोवेल स्वतःच्या ताटाला हात न लावता ऐकत होता. आपण गेली आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, हे त्याला कळत होतं, आणि त्यातला एक शब्दही त्याच्यानं सुखानं ऐकवेना.

"आर्डिथ स्टेंगलकडे असतील ना अजून दोनचार?" वडिलांनी विचारलं. "एखादी कालवड घेऊ तिच्याकडून. राहू दे तिच्याच कुरणात. महिन्यातून एकदा तू मला नेत जा. बाकी मला काही नको."

आठ वर्षांपूर्वीच्या त्या फोननंतर त्यांनी मुलाकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. 'बघू' म्हणून वेळ मारून नेता आली असती. लोवेलची जीभ तिथपर्यंत गेलीही होती.

"नाहीत, बाबा," तो म्हणाला. "एकच उरली होती."

वडिलांनी ताटाकडे पाहिलं.

"हीच?"

"हीच. मला माहीत नव्हतं. मी नाव न सांगता मागवलं, आणि त्यांना वाटलं कुणी परका आहे."

काठी खुर्चीवरून घसरून खाली पडली, ती लोवेलने उचलून पुन्हा टेकवून ठेवली. मग वडील बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता.

"पांढऱ्या तोंडाच्या गाईला उन्हानं डोळ्याचा रोग होतो. डोळ्याभोवती तांबडी कड असली की होत नाही. मी चाळीस वर्षं तसेच वळू निवडले. शेवटी शेवटी प्रत्येक वासराला ती कड यायला लागली होती." त्यांनी ताटातल्या तुकड्याकडे बोट केलं. "हिला होती का?"

"मी तिला पाहिलीच नाही, बाबा. सगळं फोनवर झालं."

वडिलांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. त्यांनी काटा पुन्हा हातात घेतला आणि ताटात उरलेलं सगळं, हाडाला चिकटलेलंसुद्धा, सावकाश संपवलं. मग लोवेलच्या न शिवलेल्या ताटाकडे सुरीनं दाखवलं.

"खा," ते म्हणाले. "तिचं काही टाकू नकोस."