होयबाची साक्ष

गावात पाथरवटाला सगळे होयबा म्हणत. इतर गावचे होयबा पुढाऱ्याच्या मागे मान डोलावत फिरतात. या होयबाची मान मात्र कुणापुढे डुललेली कुणी पाहिली नव्हती. विचारणाऱ्याला 'होय' नाहीतर 'नाही' सांगायचं आणि गप्प बसायचं, एवढंच त्याला ठाऊक. शपथ वाहू नका असं शास्त्रात सांगितलंय, म्हणून त्याच्या बापानं जन्मात कधी कुणाची आण घेतली नाही आणि दोन्ही पोरांनाही घेऊ दिली नाही. थोरल्यानं ते मनात पक्कं धरलं. धाकटा हुशार निघाला. दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला शास्त्र वाचायचा मान त्याच्याकडे आला, आणि वाचणाऱ्याला पाळायला सवड कुठून मिळणार?

त्या दिवशी सकाळी होयबा एक उंबरा घडवत बसला होता. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि वारा सुटला की दातांखाली माती करकरायची. भावजय दुधाचा तांब्या घेऊन आली, तांब्या ठेवला, तरी जाईना. तेव्हाच तो समजला की आज दूध हे निमित्त आहे.

बायको गेल्यापासून त्याचं दोन्ही वेळचं जेवण भावाच्या घरी. त्या घराबाहेर त्याला जगात आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं.

"भाऊजी, आज सभेला जाऊ नका," ती म्हणाली. "शपथ घेतल्याशिवाय तिथं साक्ष चालत नाही, आणि तुम्ही काही शपथ घ्यायचे नाहीत. मग जाऊन उपयोग काय? घरी बसलात तर खोटं बोलल्याचं पापही नाही."

"हे तू बोलतेस की तो?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते म्हणतात, दादा तिकडं गेला तर त्यानं पुन्हा आपल्या ताटावर बसू नये."

भांडण होतं झऱ्याचं. भावाच्या शेताला लागून भाजीवालीचा मळा. ती एकटी बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, त्या झऱ्याच्या ओंजळभर पाण्यावर भाजी पिकवून पोट भरत होती. जमिनीची मोजणी झाली तेव्हा हद्दीचा दगड होयबानंच घडवला आणि स्वतःच्या हातानं पुरला. झरा मळ्याच्या बाजूला आला होता. यंदा गावच्या विहिरी आटल्या, आणि एक दिवस भाजीवाली पाहते तो दगड सात पावलं इकडे आणि झरा पलीकडे. मोजणीचे कागद वाळवीनं खाल्ले होते, मोजणारे देवाघरी गेले होते. साक्षीदार उरला एकच. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि दाद मागायची ती कुंपणाच्याच भावाकडे.

होयबानं उंबऱ्यावर आणखी चार घाव घातले. पाचवा चुकला आणि कोपरा उडाला. चाळीस वर्षांत त्याचा घाव असा चुकला नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला? त्याला भीती वाटत होती की आजपासून आपण एकटे. तरी त्यानं हात धुतले आणि तो निघाला.

शाळेच्या पत्र्याखाली अर्धं गाव जमलं होतं. पत्रा तापून तडतडत होता. टेबलावर शास्त्राचं पुस्तक ठेवलेलं. धाकट्यानं त्यावर हात ठेवून, डोळे मिटून, आकाश आणि पृथ्वी दोघांनाही साक्षीला बोलावून सांगितलं की दगड आजवर होता तिथंच आहे. आवाज कमावलेला, शब्द घोळून घोळून आलेले. मागं कुणीतरी आमेनसुद्धा म्हणालं. भाजीवालीनं रडून सांगितलं, पण दगड पुरताना ती या गावात आलेलीच नव्हती.

मग तंटा मिटवायला बसलेल्या सभेच्या अध्यक्षांनी होयबाला पुढं बोलावलं.

"हात ठेवा."

"नाही."

"नियम आहे, मिस्त्री."

"ज्याच्यावर हात ठेवायला सांगता, त्याच्याच आत लिहिलंय की शपथ वाहू नका."

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. शपथ नसेल तर साक्ष लिहून घेता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. धाकट्यानं नुसता सुस्कारा सोडला. त्याचा हिशेब बरोबर जुळला होता. भाजीवाली होयबाकडे बघत होती, आणि ते बघणं त्याला सोसवेना.

"माझी साक्ष लिहू नका," होयबा म्हणाला. "माझ्या भावाला एक गोष्ट विचारू द्या."

अध्यक्षांनी मान हलवली. होयबा भावासमोर जाऊन उभा राहिला, अगदी हातभर अंतरावर.

"तू दगड हलवलास का?"

"मी शपथेवर सांगितलंय, दादा."

"शपथ राहू दे. बाबा विचारायचे तसं विचारतोय. होय का नाही?"

"आता तसं बघायला गेलं तर, पाऊसपाण्यानं जमीन सरकते, हद्द म्हणजे..."

"होय का नाही?"

एवढा वाचणारा माणूस, पण ही दोन अक्षरं त्याला वाचता येईनात. त्यानं मागं बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मग तो उठला आणि सभेतून चालता झाला. अध्यक्ष जन्मानं शेतकरी, त्यांना यापुढं काही लिहून घ्यायची गरज पडली नाही. दगड जुन्या जागी जावा, झरा भाजीवालीचा, असं त्यांनी सांगितलं आणि सभा उठली.

होयबाची पाठ कुणी थोपटली नाही. सख्ख्या भावाला भर सभेत उघडा पाडणाऱ्याच्या जवळ जायला लोक जरा कचरतातच. त्यालाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

दुपार कलल्यावर तो पहार घेऊन एकटाच बांधावर गेला. भोवतीची माती त्यानं उकरली, पण दगड काही हलेना. तरण्या वयात दोघं भाऊ मिळून तो पुरला होता. भाजीवाली कुणाला तरी बोलवायला गावात गेली ती अजून परतली नव्हती. घामानं डोळे चुरचुरत होते आणि ऊन पाठीवर बसलं होतं.

पावलं वाजली म्हणून त्यानं वर पाहिलं, तर भावजय. तिनं पदर खोचला, दगडाच्या पलीकडे जाऊन वाकली आणि खाली हात घातले.

"त्यानं पाठवलं का तुला?"

"ते दार लावून बसलेत." तिनं मान वर केली नाही. "एकट्याला हा कसा हलेल, भाऊजी? त्यांनी हा इकडं सरकवला त्या दिवशीही पलीकडचं टोक मीच धरलं होतं."

होयबानं पहार घातली, आणि दोघांनी मिळून दगड उचलला.