दोन बोटं बाहेर

माणूस असो की ट्रक, जगात त्याची किंमत छातीच्या रुंदीवरून ठरते, असा सिद्धांत टिकारामभाऊ तुरकर यांनी सिहोऱ्याच्या चहाटपरीवर मांडला. पुरावा म्हणून त्यांनी श्वास आत ओढून स्वतःची छाती फुगवली, तोच शर्टाचं एक बटण तुटून समोरच्याच्या चहात पडलं. समोर चंद्रकुमारभाऊ होते. त्यांनी बटण काढलं, पुसलं, परत केलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मतभेद असले तरी चहा फेकून देण्याची रीत आमच्याकडे नाही.

मतभेद होता टिकारामभाऊंच्या ट्रकवरून. या वाहनाला सरकारी कागदात हलकं मालवाहू वाहन म्हणतात, गाव मेटाडोर म्हणतं आणि टिकारामभाऊ ट्रक म्हणतात. धानाची पोती वाहण्यात त्याने कधी कुचराई केली नव्हती. फक्त मागे जोडचाकं असल्यामुळे तो मागून चांगला भरलेला आणि पुढून उपाशी दिसायचा. हे शल्य टिकारामभाऊंच्या मनात होतं. त्यांच्या बायकोचा, म्हणजे रुखमिणीबाईंचा, धाकटा भाऊ भुपेंद्र नागपूरला गाड्या सजवायच्या दुकानात कामाला होता. त्याने भाटव्यांचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, दुःख ओळखलं आणि दिवाळीला दोन जाड चकत्या घेऊन आला. चाकाच्या आतल्या बाजूला ही चकती घालून नट कसले की चाक दोन बोटं बाहेर सरकतं. तिला स्पेसर म्हणतात. रुखमिणीबाईंनी ते 'स्पेशल' असं ऐकलं, आणि गावानेही तेच धरलं. साधी वस्तू कोणी नागपूरहून कशाला आणेल?

पुढच्या दोन चाकांना स्पेशल बसले आणि ट्रक पैलवानासारखा पाय फाकून उभा राहिला. टिकारामभाऊंना स्वर्ग दोन बोटं उरला. चाक दोन बोटं बाहेर, स्वर्ग दोन बोटं वर, असा हिशेब अगदी जमून आला होता.

त्यात चंद्रकुमारभाऊंनी मिठाचा खडा टाकला. हे गृहस्थ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त होऊन गावी परतले होते. जन्मभर दारूगोळ्याशेजारी काम केलं आणि दहाही बोटं शाबूत आणली, हा त्यांचा एकमेव अभिमान. वादात ते मुद्दा मांडण्याआधी दहा बोटं वर करून दाखवत. बहुतेक वाद तिथेच संपत.

"घागर कमरेवर घेतली तं बाई तलावावरून घरी येते," ते म्हणाले. "तीच घागर हात लांबवून धर म्हना. दोन पावलांत खांदा बोलन."

"आमच्या ट्रकले खांदाच नाई," टिकारामभाऊ म्हणाले.

टपरी हसली. चंद्रकुमारभाऊ हसले नाहीत. चाक बाहेर सरकलं की ते ज्यावर फिरतं त्या बेरिंगवरचा ताण वाढतो; रिकामी गाडी मिरवायची तर मिरवा, पण माल भरून लांब नेऊ नका; आणि न्यायचीच असेल तर थांबून थांबून नट कसत चला, नव्या चकतीखाली ते ढिले होतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. टिकारामभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि ऐकलंच नाही असा चेहरा केला.

वाद तिथे मिटला असता. पण मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, तोंडावर आली होती, आणि मंडईच्या नाटकाचं सामान शहापूरहून आणायचा मान यंदा कोणाच्या गाडीला, हा प्रश्न समितीपुढे होता. टिकारामभाऊ उभे राहिले. नाटकाचे पडदे, पेट्या, सिंहासन, सगळं आपला ट्रक स्पेशलसकट आणेल आणि एक नट हलणार नाही, असं त्यांनी भरसभेत सांगितलं. हलला तर? असं कोणीतरी विचारलं. तर पुन्हा या सभेत तोंड दाखवणार नाही, असं ते बोलून गेले. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

घरी ते ताटातला भात नुसता कालवत बसले. रुखमिणीबाईंनी दोनदा वरण वाढलं, मग विचारलं. सगळी हकिगत कळल्यावर त्या म्हणाल्या, नट कसायचे तर कसा, नाही कोण म्हणतं? पण रस्त्यात ओळखीची माणसं भेटणार, पाना हातात दिसला की गावात बोभाटा होणार, हे टिकारामभाऊंचं दुखणं.

रुखमिणीबाईंनी विचार केला आणि पिशवी भरायला घेतली. तळाशी पाना, वर नारळ, उदबत्ती, कुंकू. "पूजा करनाऱ्याले कोनी काही विचारत नाई," त्या म्हणाल्या.

शहापूरला सामान चढलं तेव्हा ट्रक चांगलाच खाली बसला. नाटकमंडळी त्यांच्या बसने निघाली. राणीचं काम करणाऱ्या ललिताबाई तेवढ्या टिकारामभाऊंच्या शेजारी बसल्या, कारण बसमध्ये त्यांना मळमळतं. आता मागे सिंहासन आणि शेजारी राणी. टिकारामभाऊंनी स्टिअरिंग धरलं. ते जरा जड लागत होतं, पण राजवैभव जडच असतं.

शहापूर मागे पडल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उदबत्ती लावली आणि चाकापुढे गुडघे टेकले. पिशवीच्या आडून पाना नटाला लावला. नट सहज फिरला. दुसराही फिरला. टिकारामभाऊंनी मान वळवून गाडीच्या खिडकीकडे पाहिलं. मागे सिंहासन पडलं तर दुसरं करता येईल; शेजारी बसलेल्या बाईंच्या घरी माणसं होती. त्यांनी चारदा देवाचं नाव घेतलं, आणि त्यात ढोंग मुळीच नव्हतं. दोन्ही चाकांचे सगळे नट कसले, कुंकू लावलं आणि घाम पुसत परत आले. ललिताबाईंनी हात जोडले.

वरठीला पुन्हा पूजा. नट या वेळी थोडेच फिरले. मोटारसायकलवरचे दोघं थांबले, त्यांनीही चाकाला नमस्कार केला आणि प्रसाद मागितला. टिकारामभाऊंनी नारळ फोडून दिला. मोहाडीला ते पुन्हा चाकापुढे बसले आणि चौंडेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या बायका वाटेत थबकल्या, तेव्हा मात्र ललिताबाईंना राहवेना.

"भाऊ, देवी तं तिकडं देवळात हाये. तुमी चाकाखाली काहून पाहून राहिले?"

"पायापासून सुरुवात कराव लागते, बाई," टिकारामभाऊ चाकाआडून म्हणाले.

तुमसरला एकही नट हलला नाही. पान्यावर सगळा भार टाकला तरी हलला नाही. टिकारामभाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी आपल्या ट्रककडे असं पाहिलं, जसं बाप मेरिटमध्ये आलेल्या पोराकडे पाहतो. मग गाडी सुरू केली. डाव्या चाकातून भुंग्यासारखा बारीक आवाज येत होता. ललिताबाईंनी तो भजनाचा समजला. टिकारामभाऊंनी वेग कमी केला, तर भुंगाही हळू झाला. त्यावरून तो भुंगा नसून बेरिंग आहे हे त्यांना कळलं. उरलेला रस्ता त्यांनी बैलगाडीच्या चालीने काटला. मागून येणाऱ्यांना वाटलं, मानाची गाडी आहे, मिरवत चालली आहे.

सिहोऱ्यात बँड उभा होता. एक पेटी इकडची तिकडे झाली नव्हती. दिवेलागणीला टिकारामभाऊंना रंगमंचावर बोलावून शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. वाटेत एक श्रीफळ फोडावं लागलं होतं, ते परत मिळालं, हेही नसे थोडके. ललिताबाईंनी माइकवरून सांगितलं की आपण गावोगाव फिरलो, पण वाहनावर इतकी भक्ती असलेला माणूस पाहिला नाही. टिकारामभाऊंना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते खूप बोलले. स्पेशल सुरक्षित आहे की नाही याचा निकाल आज रस्त्याने दिला आहे, आणि ज्याची श्रद्धा घट्ट त्याचं चाक घट्ट, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्यांचा पाऊस पडला. पुढच्या रांगेत चंद्रकुमारभाऊही टाळ्या वाजवत होते. त्यांची नजर तेवढी रंगमंचाशेजारी उभ्या ट्रकच्या कुंकवाने माखलेल्या नटांकडे होती, आणि नटांच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. त्यांनी टाळ्या चालूच ठेवल्या.

खाली उतरल्यावर लोकांनी टिकारामभाऊंना घेरलं. दोघांनी आपल्याही गाडीला स्पेशल बसवायचं म्हटलं. टिकारामभाऊंनी त्यांना आधी रोज पूजा करायची सवय लावायला सांगितली. गर्दी नाटकाकडे वळली तसे ते ट्रकजवळ आले आणि डाव्या चाकाच्या मध्यावर हात ठेवला. लगेच काढला. तव्यावरची भाकरीसुद्धा इतकी तापत नाही.

त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि दोन्ही चाकांकडे पुन्हा एकदा पाहिलं. अभिमान तसाच होता, त्यात काडीचाही फरक नव्हता. चंद्रकुमारभाऊ सायकलचं कुलूप काढत होते. टिकारामभाऊ त्यांच्याजवळ गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"भाऊ, मले घरापर्यंत डबलसीट सोडून देता काय?"