कोठीची किल्ली

'दार लोटलं लोटलं, आल्यागेल्या माणसासाठी
कोठीची गं बाई किल्ली, माझ्या पदराच्या गाठी'

तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तांदूळ निवडताना आई गुणगुणायची. इतक्या वर्षांनी तो आवाज सुचेताच्या कानी आला, तेव्हा ती गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात टेबलांखाली वाकून एकेका कॉम्प्युटरची नेटवर्कची केबल उपटत होती. सकाळपासून एकही ड्रॉइंग उघडत नव्हतं. कुण्या परक्यानं सगळ्या फायलींना कुलूप ठोकून खंडणी मागितली होती. खाली यंत्रं मुकी झाली होती.

"मयूरनं तो खोटा मेल उघडला, त्यातून हे सगळं झालं," कारखान्याचे मालक श्रीकांत फोनवर हिशेबनीसाला म्हणाले. "संध्याकाळपर्यंत त्याचा हिशेब करून टाका. उद्यापासून येऊ नको म्हणावं."

खरेदी पाहणारा मयूर दाराशीच उभा होता.

"कोटेशन समजून खोलला, ताई," तो सुचेताला म्हणाला. "माझा एक कॉम्प्युटर गेला, मान्य. पण बाकीचे सगळे कसे गेले?"

सुचेताला माहीत होतं. कॉम्प्युटर आले तेच फायली वाटून घ्यायची सोय चालू ठेवून आले होते. ना पासवर्ड, ना विचारपूस. कुणीही कुणाच्या फायलीत हात घालावा. कारखान्याचे कॉम्प्युटर तीच सांभाळायची, म्हणून मागे एकदा तिनं ती सोय साफ बंद केली होती. त्याबरोबर प्रिंटरही रुसला. पेनड्राइव्ह घेऊन माणसं जिना चढू-उतरू लागली. मग श्रीकांतसाहेब कडाडले होते, "हे कसलं तुझं सोवळं? घरचीच माणसं आहेत ना? उघड सगळं!"

प्रिंटरपुरती वाट ठेवता आली असती. पण तिनंही फणकाऱ्यानं उघडलं, सगळंच्या सगळं.

"सर, नुसत्या एका मेलनं एवढं..."

"तू मधे पडू नकोस. तुझ्यावर बोट ठेवलंय का कुणी?"

ओढणीचं टोक सुचेतानं बोटाभोवती घट्ट आवळलं.

मयूरनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"राहू द्या ना, ताई," तो हळूच म्हणाला. "तुमचीही नोकरी आहे."

श्रीकांतनी ओळखपत्राकडे हात नेला. त्याआधीच सुचेतानं ते उचललं आणि मयूरच्या हातात कोंबलं.

"थांब तू."

मग ती साहेबांकडे वळली.

"तो मेल मयूरच्या कॉम्प्युटरवरच अडला असता, सर. बाकीची दारं तुम्ही उघडायला लावलीत. आणि कोठीची किल्ली माझ्याकडे होती, ती मी रागाच्या भरात फेकून दिली. हिशेब करायचाच असेल, तर तिघांचा करा."