नाव खरवडलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात आमची वस्ती आहे. तिथल्या पत्र्याच्या सभागृहात मी कांबळं पांघरून बसलेला असतो. दूरच्या कारखान्यात मला घडवलं आणि ट्रकमधून तीन दिवस धक्के खात मी इथे आलो.

आधी मी परक्यांचे चित्रपट दाखवले. घोडे, बंदुका, मारामाऱ्या. मग काही माणसं कॅमेरा घेऊन आली आणि वस्तीतल्याच लोकांनी आपल्या गोष्टी सांगितल्या. ती रिळं लागली की पाय ठेवायला जागा नसे.

"विल्टन, तुझं पोट पडद्यावर मावत नाही रे!" त्याचा मेहुणा ओरडायचा.

"तुझी अक्कल मात्र कोपऱ्यात मावली," विल्टन म्हणायचा.

सगळ्यांत लाडकं रीळ विल्टनच्या बायकोचं होतं. तिचं नाव मी घेणार नाही. कोरड्या नदीत बसून ती तळहाताने वाळू सपाट करायची, बोटाने रेघा काढायची आणि पाणी शोधायला निघालेल्या घोरपडीची गोष्ट सांगायची. पडद्यावर आधी नुसती वाळू दिसे, मग हात, मग आवाज येई. चेहरा सगळ्यात शेवटी.

एका थंडीत ती गेली. गेलेल्या माणसाचं नाव इथे कोणी उच्चारत नाही. त्याचं चित्र बघत नाहीत, आवाज ऐकत नाहीत. घरची माणसं परवानगी देऊन ते मोकळं करतील तेव्हाच. तिच्या बाबतीत तो निर्णय विल्टनचा आणि तिच्या थोरल्या बहिणीचा, एडनाचा. एडनाची मुलगी रोझलिन मला चालवते. तिने त्याच दिवशी डब्यावरचं नाव सुरीने खरवडून काढलं. हा उघडायचा नाही याची खूण म्हणून विल्टनने डब्याला लाल लोकरीचा धागा बांधला.

त्यानंतर त्या फळीकडे कोणी फिरकलं नाही. उंदरांनी धागा कुरतडून बिळात नेला. मी बघत होतो, पण मला बोलता येत नाही. त्या डब्यातून हळूहळू आंबूस वास येऊ लागला. जुनं रीळ आतून सडतं, त्याचा तो वास.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या फुटबॉल संघाने चषक जिंकला. जुना सामना बघायला दुपारी सगळे जमले. खिडक्यांना कांबळी लावली. विल्टन पुढे बसून भाजलेलं कांगारूचं शेपूट चघळत होता. सामन्याच्या डब्यावरही कधी नाव घातलेलं नव्हतं. रोझलिनने धागा नसलेला, बिननावाचा डबा उचलला. "हाच असणार," ती म्हणाली.

फीत माझ्या दातांतून गेली आणि फाटलेल्या जागेचा ओळखीचा जोड खट्‌कन वाजला. मी तिला ओळखलं.

पडद्यावर वाळू आली.

"अगं, खेळाडू वाळूत पुरलेत का?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. विल्टनचं चघळणं तेवढं थांबलं.

मग हात आला. हसू विझलं, माना खाली गेल्या. रोझलिन बंद करायचं बटण फिरवू लागली, पण कित्येक वर्षं मला कोणी तेल घातलं नव्हतं. बटण हललं नाही.

"ऐका. घोरपडीला तहान लागली होती..."

विल्टनने उठून आपली टोपी माझ्या भिंगावर घातली. अंधार झाला. तिचा आवाज चालूच होता. माझ्या तापलेल्या अंगावर त्याने हात ठेवला. माझी विजेची तार त्याच्या पायाशीच होती. तरी त्याने ती ओढली नाही.

"विल्टन," मागून एडना मान न उचलता म्हणाली, "ओढ ती तार."

त्याने तार ओढली.

"काका, नाव मीच खरवडलं होतं," रोझलिन रडत म्हणाली.

"बरोबरच केलंस, पोरी. धागा बघायला मी यायला हवं होतं." त्याने डबा नाकाशी नेला. "अक्का, हे सडतंय गं. आत्ता नाही बघितलं तर उरायचं नाही."



"अजून नाही," एडना म्हणाली.

त्याने मान डोलावली. रीळ परत डब्यात ठेवलं, नवा धागा आणून दोन गाठी मारल्या.

आता विल्टन रोज दुपारी येतो. माझ्या बटणाला तेल घालतो. गाठी सोडतो, झाकण किंचित उचलून वास घेतो आणि पुन्हा बांधतो. वास वाढतो आहे. माझा दिवाही आता शेवटचाच उरला आहे.

मित्रांनो, तुम्हीही कोणाच्या मानासाठी काही बंद करून ठेवलं असेल. ते उघडू नका, पण त्याची खूण जागेवर आहे का, तेवढं जाऊन बघत जा. आम्ही बघितलं नाही.

काल विल्टनने झाकण उचललं, तेव्हा बोटाला सडलेल्या फितीची पांढरी भुकटी लागली. त्याने ती पुसली नाही. हात तसाच वर धरून तो एडनाच्या घराकडे चालू लागला.