भांडण्यापुरतं कोरियन

लोक परकी भाषा शिकतात ती नोकरीसाठी, शिष्यवृत्तीसाठी, नाहीतर प्रेमात पडून. मी कोरियन शिकायला घेतलं ते सुनेशी भांडायला. तेही साठी उलटल्यावर. मला त्याची लाज वाटत नाही, तेव्हा तुम्हीही हसू नका.

माझा मुलगा शंतनु बेंगळुरूबाहेर होसकोट्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात इंजिनियर होता. तिथून त्याला कोरियाला पाठवलं आणि तिथे त्याने यूनजूशी लग्न केलं. लग्नाला आम्हाला जाता आलं नाही, कारण नेमकं तेव्हाच ह्यांचं, म्हणजे पद्मनाभरावांचं, हृदयाचं ऑपरेशन निघालं. पुढे दोघं चार दिवस आमच्याकडे बेंगळुरूला येऊन गेली. श्रावण होता, घरात पूजा होती, यूनजूने पुरणपोळी खाल्ली, साडीत फोटो काढले, वाकून पाया पडली. तिचं इंग्रजी ‘हॅलो मदर’पाशी संपतं. त्यामुळे आम्हा दोघींच्या मध्ये कायम शंतनु. ती बोलणार, तो मला मराठीत सांगणार. मी बोलणार, तो तिला कोरियनमध्ये सांगणार.

मग तिला दिवस गेले. तिची आई ती शाळेत असतानाच वारलेली. मी व्हिडिओ कॉलवर शंतनुला म्हटलं, विचार तिला, बाळंतपणाला मी येऊ का? तो तिच्याशी बोलला. ती मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. मग हा माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, ती नको म्हणते. इथे बाळंतिणींसाठी वेगळी केंद्रं असतात. आणि तिला घरात दुसरं कोणी आलेलं आवडत नाही."

दुसरं कोणी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवल्यावर मी ह्यांच्यावरच ओरडले, "मी दुसरं कोणी? मी काय पेइंग गेस्ट म्हणून जाणार होते?"

"वासंती, स्वल्प शांत हो," हे म्हणाले. ह्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात गेलेल्या, समजूत घालायची तर कन्नडच तोंडात येतं. "त्यांची रीत वेगळी असेल."

मी शांत झाले नाही. मोबाईलवरच्या भाषांतराचा प्रयोग केला. ‘बाळ लाथा मारतं का’ असं मराठीत टाकलं. तिकडे काय पोचलं देव जाणे, यूनजूने घाबरून पोटदुखीच्या गोळ्यांचा फोटो पाठवला. तेव्हा ठरवलं, हिला हिच्याच भाषेत दोन शब्द सुनावायचे आणि स्वतःच्या तोंडाने सुनावायचे. शंतनुला काही सांगायचं नाही. पूर्वी एकदा मी सहज कोरियन शिकायचा विषय काढला होता तर तो हसला होता. "या वयात, आई? मी आहे ना मध्ये!"

मध्ये असणं म्हणजे काय, ते मी त्याच्यापेक्षा जास्त जाणते. मी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. ट्रंक कॉलवर बसायचे. लाइन खराब असली की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही, आम्हाला मात्र दोघांचंही यायचं. मग इकडचं वाक्य तिकडे आम्ही सांगायचो. नियम एकच, जसंच्या तसं. नवरा बायकोला शिव्या घालत असला तर शिव्यासुद्धा. आमच्या सुपरवायझर कावेरीअक्का म्हणायच्या, तोंड तुमचं द्या, अक्कल तुमची घालू नका. अशा नोकरीत कान तयार होतो. त्या कानाच्या भरवशावर मी कोरियनला हात घातला.

आमच्या वरच्या मजल्यावर भार्गवी भाड्याने राहते. शिमोग्याची पोरगी, कोरमंगल्यात नोकरी, आणि कोरियन मालिका बघून बघून डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिला म्हटलं, शिकव. ती म्हणाली, "आंटी, ड्रामा बघा, आपोआप येतं." बघितले. त्यांतल्या सासवा सुनेच्या तोंडावर ग्लासातलं पाणी फेकतात. पाणी फेकायला भाषा कशाला लागते? तरुण मंडळी बर्फात उभी राहून एकमेकांकडे नुसती बघतात. मला बघायचं नव्हतं, बोलायचं होतं.

मग तिने एक अ‍ॅप घालून दिलं. ते मला विचारत राहिलं, मुलगा दूध पितो का, कोल्हा सफरचंद खातो का. मला त्या कोल्ह्याशी काय कर्तव्य? आणि एखाद्या दिवशी उघडलं नाही की संध्याकाळी लगेच ‘आज आम्हाला विसरलात!’ माझ्या सख्ख्या सासूने इतके टोमणे मारले नव्हते. काढून टाकलं.

पुस्तक मागवलं, ते इंग्रजीतून. लेखक पानोपानी बजावतो की कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, हे फार अवघड आहे, धीर सोडू नका. अरे बाबा, शेवटी नाही तर कुठे येणार? मराठीत शेवटी, कन्नडात शेवटी. मी निपाणीची, दोन्ही भाषा पाळण्यापासून. जिथे काही अवघड नाही तिथे हा गृहस्थ मला घाबरवत होता आणि मध्ये इंग्रजी घुसवून सरळ वाक्य उलटं करत होता. तेही फेकलं. इंग्रजीला रजा दिली आणि कोरियन थेट कन्नडावर बसवलं. बसलं.

लिपी सोपी निघाली. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कोरियन चिठ्ठ्या लावल्या. ह्यांनी चहात मीठ घातलं आणि कुरकुर केली, तेव्हा म्हटलं, वाचायला शिका. तिथल्या पहिलीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवणारी एक बाई यूट्यूबवर सापडली, ती एकेक शब्द सुटा करून बोलायची. आणि सगळ्यात उपयोगी पडला तो रेडिओ. इंटरनेटवर कोरियन रेडिओ दिवसभर लागतो. हेडफोन घालायचा आणि निवेदकाच्या मागोमाग तो म्हणेल ते मोठ्याने म्हणायचं, अर्थ कळो न कळो. मेथी निवडताना, पीठ मळताना. जो शब्द पुन्हा पुन्हा कानावर येईल, त्याचाच अर्थ शोधायचा, बाकीचे सोडून द्यायचे. त्यांच्या रेडिओवर खाण्याबद्दल फार बोलतात, त्यामुळे खाण्याचे शब्द मला आधी आले.

पण हे सगळं चालत होतं ते रागावर. ‘बाळ माझं नातवंड आहे, मी दुसरं कोणी नाही’ हे वाक्य मी पहिल्यांदा बांधलं आणि रोज घोकलं. भार्गवी म्हणाली, "आंटी, शेवट स्वल्प सॉफ्ट करा." मी केला नाही.

ते वाक्य म्हणायचा दिवस उजाडला. यूनजूला आठवा लागला होता. रविवार होता, दुपारी शंतनुचा कॉल आला. ती त्याच्या शेजारी बसली होती, चेहरा सुजलेला, डोळे ओढलेले. मी घसा साफ केला. तेवढ्यात तीच हळू आवाजात शंतनुला म्हणाली, "आईंना अजून एकदा विचार ना. त्या का येत नाहीत?"

मला कळलं. सगळे शब्द नाही, पण ‘आई’ कळलं, ‘पुन्हा’ कळलं, ‘विचार’ कळलं, ‘का येत नाहीत’ कळलं.

शंतनुने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो तिला म्हणाला, "विचारलं गं कितीदा. आईला मांसाचा वास सहन होत नाही. विमानाची भीती वाटते. तिला यायचंच नाहीये." आणि मग माझ्याकडे वळून, गोड हसून, मराठीत, "यूनजू म्हणते, तब्येत सांभाळा. इकडे थंडी फार आहे."

आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पण कोगी म्हणजे मांस आणि नेमसे म्हणजे वास, हे दोन शब्द मी रेडिओवर इतक्यांदा ऐकले होते की चूक होणं शक्य नव्हतं. मांसाचा वास! मी निपाणीची बाई, आणि त्या क्षणी माझ्या गॅसवर मटण शिजत होतं.

"शंतनु," मी म्हटलं, "आत्ता तिला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तुझा निरोप."

"मी तोंडच उघडलं नव्हतं. कुठला निरोप?"

मी त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. फोन उचलला, स्वयंपाकघरात गेले, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि कॅमेरा आत धरला. "यूनजू, कोगी!" मी ओरडले. "मी खाते. मला आवडतं. विमानाची भीती नाही. शंतनु खोटं बोलतो. तू नको म्हणालीस, असं त्याने मला सांगितलं." शेवटच्या वाक्यात माझ्या ढीगभर चुका झाल्या. पण ते पोचलं. यूनजूच्या चेहऱ्यावर मला ते पोचताना दिसलं.

शंतनुचा रंग उडाला. "आई, तू हे कधी शिकलीस?"

"ते सोड. असं का केलंस?"

"ऐक तर. तू आलीस की आठ दिवसांत तुमचं वाजलं असतं. तुझा स्वभाव तुला माहीत आहे. ऑफिस सांभाळून मी तुमची भांडणं कुठे मिटवत बसू? मी दोघींचं भलंच बघत होतो."

भलं! तळपायाची आग मस्तकात गेली. आई नसलेली ती पोर इतके महिने समजत होती की सासूला आपल्या घरातला वाससुद्धा नको. मी इकडे बसून तिला नावं ठेवत होते. आणि हा मधोमध बसून तिला माझ्याबद्दल, मला तिच्याबद्दल खोटंनाटं सांगून स्वतःची शांतता राखत होता, वर साळसूदपणे थंडीच्या गोष्टी करत होता. एक्स्चेंजमध्ये कुणी असं केलं असतं तर कावेरीअक्कांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"वाजलं असतं तर वाजलं असतं!" मी किंचाळले. हे बाहेरून धावत आले. "भांडलो असतो आम्ही. आपापल्या तोंडाने भांडलो असतो आणि आपापल्या तोंडाने मिटवलं असतं. ते ठरवणारा तू कोण? तुला जन्म मी दिला आणि तू मला मुकं करून ठेवलंस?"

यूनजू त्याला काहीतरी म्हणाली. इतकं भरभर की मला एक शब्द लागला नाही, पण सूर लागला. मग तिने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. छत दिसलं, भिंत दिसली, दार आपटल्याचा आवाज आला. कडी लागली. ती एका लहानशा खोलीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली जमिनीवर बसली, एक हात पोटावर ठेवून. तिच्या मागे दार वाजायला लागलं.

ती रडत बोलत सुटली. मला काही म्हणता काही कळेना. इतक्या महिन्यांचा रेडिओ गेला पाण्यात.

"छॉनछॉनी," मी म्हटलं. हळू. "हळू बोल, बाळा." ते ‘बाळा’ मराठीतच आलं.

तिने बाहीने नाक पुसलं. मग एकेक शब्द सुटा करून, मला नीट कळेल अशा बेताने म्हणाली, "आई. मला. भीती वाटते."

सुनावायचं म्हणून घोकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. "मी येते," मी म्हटलं.

"आई!" दाराच्या पलीकडून शंतनु आधी मराठीत ओरडत होता, मग कोरियनमध्ये, मग पुन्हा मराठीत. "काय बोलताय तुम्ही दोघी? मला कळू तरी दे!"

यूनजूने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कधी?" तिने विचारलं.

दार वाजत होतं. आम्ही दोघींनी ते वाजू दिलं.