ओल्या हाताने शिवू नका

"गेली! अहो, खरंच गेली!"

कारखान्याच्या पत्र्याखाली साठ-सत्तर माणसं एका काचेच्या बरणीभोवती दाटली होती. मातीमहाराजांनी कोमट पाण्यात दुधट रंगाची पिशवी सोडली, डोळे मिटून ढवळली, आणि मिनिटभरात ती दिसेनाशी झाली. वर महाराजांनी त्यातलं पेलाभर पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. गल्लीतल्या दोघीतिघींनी हात जोडले. आमचा मुकादम तर रडायलाच लागला.

वेळच रडायची होती. आम्ही पाव बांधायच्या पातळ पिशव्या करतो. मी प्लास्टिकची पातळ फिल्म काढायच्या यंत्रावर छत्तीस वर्षं उभा आहे. साध्या प्लास्टिकवर बंदी आली आणि आमचं एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक, पाववाला, म्हणाला, "कुजणारी पिशवी महिनाअखेरपर्यंत द्या, नाहीतर मी दुसरीकडे जातो." तो गेला की अकरा घरांच्या चुली थंड. कुजणारे दोन तऱ्हेचे दाणे मिळतात, एक काचेसारखा कडक, दुसरा रबरासारखा मऊ. ते एकत्र वितळवून आम्ही चार महिने झटत होतो. वितळलेल्या मालात हवा भरली की फिल्मचा फुगा यंत्रातून वर चढायचा आणि तिसऱ्या मिनिटाला फाटायचा.

अशात महाराज आले. हातात पांढरे सुती मोजे, बगलेत पत्र्याची पेटी.

"पृथ्वीमातेने स्वप्नात येऊन या भुकटीचं गुपित माझ्या कानात सांगितलं!" ते गरजले. "साध्या दाण्यांत मूठभर टाका, प्लास्टिक आपला हट्ट सोडतं! फक्त ओल्या हाताने शिवू नका. पिशवीत जीव आहे, तो दचकतो."

सकाळी त्यांनी आमच्याच यंत्रात भुकटी टाकून दुधट फिल्मचा रोल काढला होता. त्याचा तुकडा कापून ते मंत्र घालायला पेटीपाशी गेले आणि पिशवी घेऊन आले. तीच बरणीत विरघळली. भुकटीच्या बदल्यात कारखान्याची दोन्ही यंत्रं त्यांच्या संस्थेच्या नावावर करायची होती. स्वप्नात येताना पृथ्वीमाता टाइप केलेला करारनामाही घेऊन येते, हे मला नवीन होतं. पण खोटं का सांगू, मलाही ते खरं हवं होतं.

मालकांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मागून हाक आली.

"भावजी, जरा इकडे या."

माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची वहिनी. बत्तीस वर्षं पिशव्या मोजून गठ्ठे बांधते. उघड्या पेटीतून तिने एक पिशवी उचलली होती.

"आता काय, वहिनी?"

"बोटाला चिकटली. शेंबडासारखी."

पिशवीचं तोंड उघडायला तिने सवयीने बोट जिभेला लावलं होतं. स्पंज वापरा, स्पंज वापरा म्हणून मालक थकले, पण सवय जाईना. आणि जिथे बोट लागलं, तिथे पिशवीला भोक.

महाराज किंचाळले, "बाई! थुंकी लावलीत? जीव गेला तिचा!"

"गेला तर जाऊ द्या. थुंकीने विरणाऱ्या पिशवीत भट्टीतला ऊन पाव घातला, तर वाफेने काय होईल हो?"

मी यंत्रावरच्या रोलचा तुकडा स्वतः कापला आणि त्याच बरणीत टाकला.

"थांबा, मंत्र राहिला!" महाराज म्हणाले.

"म्हणा की. अडवलंय कोणी?"

त्यांनी म्हटला. दहा मिनिटं ढवळलं. तुकडा तरंगतच राहिला. मग मी तो बाहेर काढून पुसला आणि त्याला काडी लावली. विझलेल्या मेणबत्तीचा वास सगळ्यांना आला. साधं पॉलिथिन! भुकटीवर व्हिनेगर ओतलं तर ती फसफसली. खडूच तो.

"पण ती पिशवी विरघळली ना?" मुकादमाने काकुळतीने विचारलं.

"पाण्यात विरघळणारी वेगळी फिल्म असते, बाबा. त्यांनी पेटीतून आणली ती तीच. इस्पितळातले मळके कपडे त्या पिशवीसकट धुवायला टाकतात. मीठ पाण्यात दिसेनासं झालं म्हणून त्याची माती होते का?"

महाराज "तुमची श्रद्धाच कच्ची" म्हणत पेटी उचलून चालते झाले. कोणी टाळी वाजवली नाही. मालक पोत्यावर मटकन बसले.

"वहिनी, आता पाववाल्याला काय दाखवू मी?"

वहिनीने बोट पदराला पुसलं. "बुडतोय खरं. पण यंत्रं देऊन बुडण्यापेक्षा हातपाय मारू. आणि ओलीचं एवढं असतं, तर आपले दाणे नळापाशी उघड्या पोत्यात का पडलेत?"

मी भिंतीकडे पाहिलं. फाटलेली फिल्म तपासायला दिली तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाईंनी पाठवलेली चिठ्ठी तिथे मीच चिकटवली होती, एकेक अक्षर लावून वाचून: "दाणे वापरण्याआधी गरम हवेत चार तास वाळवा. ओल राहिली तर वितळताना माल ठिसूळ होतो." चार तास कुठून आणायचे, म्हणून आम्ही हसलो होतो. महाराजांपुढे मात्र आख्खी सकाळ हात जोडून उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी दाणे वाळवले. फुगा अकरा मिनिटं टिकला. मग फाटला. महिनाअखेरीला नऊ दिवस उरलेत, आणि कारखाना वाचेल की नाही, मला माहीत नाही. आज पुन्हा वाळवतोय, मिश्रण थोडं बदलून.

तुमच्याही दारात कोणी येईल, तुमचा जीव अगदी टांगणीला लागला असेल तेव्हाच येईल. त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच करा: ज्याला हात लावू नका म्हणेल, त्याला आधी हात लावून पाहा. ओल्या हाताने.